जिलेबीची तारीख शोधणारे देवरुखचे गोडे

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपल्याकडं झेंडावंदन झालं की गावोगावी चौकात जिलेबीचे स्टॉल लागतात. पाव किलो, अर्धा किलो पुडी बांधून घरी न्यायची, हा जणू नियमच झालाय. पण ही जिलेबी आपल्या मुलखात कधीपासून आहे? कुणी म्हणेल आजोबांच्या काळापासून. कुणी म्हणेल पेशव्यांपासून. आणि व्हॉट्सॲपवर विचारलं तर थेट रामायण-महाभारतापर्यंत नेऊन सोडतील.

एक माणूस मात्र असा होऊन गेला की ज्यानं हा प्रश्न गंमत म्हणून सोडून दिला नाही. जुन्या पोथ्या उघडल्या, तारखा लावल्या आणि कागदावर पुरावा मांडला. त्यांचं नाव परशुराम कृष्ण गोडे. जगभरच्या अभ्यासकांत ते पी. के. गोडे म्हणून ओळखले जातात. खाण्यापिण्याच्या इतिहासावर कुणी काही लिहायला बसलं की आजही त्यांचं नाव घ्यावं लागतं. पण ज्या मका, हरभरा, तंबाखू, अंजिरावर त्यांनी डोळे फोडले, ती पिकं घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना त्यांचं नाव फारसं माहीत नाही. म्हणून हा लेख.

कोकणातून पुण्यात

गोडे यांचा जन्म ११ जुलै १८९१ चा. गाव देवरुख, जिल्हा रत्नागिरी. संगमेश्वर तालुक्याचं ठिकाण. लाल माती, भातशेती, पावसाळ्यात धो धो पाऊस, असा तो मुलूख. तिथला हा मुलगा शिकत शिकत एम.ए. झाला. संस्कृतवर त्यांची चांगली पकड होती.

पुण्यात ६ जुलै १९१७ ला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या मोठ्या विद्वानाच्या नावानं ही संस्था निघाली. मुंबई सरकारनं १८६६ पासून गावोगाव माणसं पाठवून जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा केल्या होत्या. तो सगळा ठेवा पुढं या संस्थेकडं सांभाळायला आला. हजारो पोथ्या. काही ताडपत्रावर, काही हातकागदावर, लाल कापडाच्या बासनात बांधलेल्या.

हा ठेवा सांभाळायला माणूस हवा होता. १९१९ साली गोडे तिथं क्युरेटर झाले. क्युरेटर म्हणजे साध्या भाषेत पोथ्यांचा कारभारी. कुठली पोथी कुठं आहे, कुणाची आहे, किती पानं आहेत, कसर लागली का, कुणाला वाचायला दिली, परत आली का, हे सगळं बघणारा. त्यावेळी त्यांचं वय अठ्ठावीसच्या आसपास. त्यानंतर चाळीसएक वर्षं ते याच कामात राहिले. एवढ्या काळात माणूस चार नोकऱ्या बदलतो. गोडे यांनी तीच कपाटं आणि तीच बासनं धरून ठेवली.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटेल. धूळ खायची आणि याद्या करायच्या. काव्य, नाटक, अलंकार अशा विषयांच्या पोथ्यांच्या सविस्तर याद्या गोडे यांनी खरोखरच तयार केल्या आणि त्या छापून निघाल्या. पण याद्या करता करता त्यांना एक गोष्ट दिसली. या पोथ्यांत राजे आणि देव तर आहेतच, पण घोड्याची चंदी आहे, पानविडा आहे, पंगतीतले पदार्थ आहेत, औषधाच्या नावाखाली भाज्या आणि धान्यं आहेत. इतिहासाच्या पुस्तकात लढाया येतात. लढाईवर जाणारा माणूस सकाळी काय खाऊन निघाला, हे येत नाही. गोडे यांनी ते शोधायचं ठरवलं.

तारीख लावायची रीत

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या सातबाऱ्यासारखीच आहे. जमीन कुणाची हे तोंडी बोलण्यावर ठरत नाही, फेरफार बघावा लागतो. तसंच एखादा पदार्थ किती जुना हे गोडे यांना तोंडी चालायचं नाही. तारखेचा कागद लागायचा.

जुनी पोथी लिहून काढणारा माणूस शेवटी बहुतेक वेळा चार ओळी लिहायचा. स्वतःचं नाव, गावाचं नाव, शके अमुक, तिथी अमुक. समजा एखाद्या पोथीच्या शेवटी शके १७२५ लिहिलंय. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८०३. याचा अर्थ ही नक्कल १८०३ ची, आणि मूळ ग्रंथ त्याच्या आधीचा. ही झाली एक बाजू. आता ग्रंथात कुठल्या राजाचं, राणीचं किंवा दुसऱ्या ग्रंथाचं नाव आलंय का ते बघायचं. आलं असेल तर आपला ग्रंथ त्याच्या आधीचा असू शकत नाही. ही झाली दुसरी बाजू. दोन्ही बाजूंनी बांध घालत घालत मधली जागा अरुंद करायची. म्हणूनच गोडे यांच्या कित्येक लेखांच्या नावातच अमुक सालापासून तमुक सालापर्यंत असं लिहिलेलं असतं. पुरावा जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच जायचं, त्याच्या पुढं एक पाऊल नाही, असा त्यांचा बाणा.

आणि जिलेबी सापडली

१९४३ साली गोडे यांचा जिलेबीवरचा लेख प्रसिद्ध झाला. भारतातल्या आहारशास्त्राचा इतिहास सांगताना त्यांनी जिलेबीचा माग काढला होता. त्यांना जिनसूर नावाच्या जैन लेखकाची एक कथा मिळाली, साधारण १४५० च्या सुमाराची. तिच्यात जेवणावळीच्या वर्णनात जिलेबी आहे. त्यानंतर १६०० च्या आधीचा एक संस्कृत ग्रंथ मिळाला. त्यात जिलेबी करायची कृती दिलेली आहे आणि ती आजच्या हलवायाच्या कृतीशी जुळते.

म्हणजे जिलेबी आपल्याकडं पावणेसहाशे वर्षं तरी आहे, हे कागदावर सिद्ध झालं. पण त्याच्या मागं काय? जिलेबी हा शब्द अरबी-फारसी झुलाबिया, झलिबिया या शब्दावरून आला, असं जाणकार सांगतात. पश्चिमेकडून व्यापारी आले, त्यांच्याबरोबर गोड पदार्थ आला, आणि आपल्या हलवायांनी तो आपलासा केला.

इथं एक गंमत बघा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकाच्या ग्रंथात या पदार्थाला कुंडलिनी म्हटलंय, त्याच्या वेटोळ्यावरून. आता कुणी एवढंच वाचलं तर म्हणेल, बघा, संस्कृत नाव आहे, म्हणजे पदार्थ वेदकाळाचा. पण संस्कृत नाव नंतरही देता येतं. शास्त्री मंडळी नव्या वस्तूला नवं संस्कृत नाव देतच होती. नावावरून वय ठरत नाही, तारखेवरून ठरतं. गोडे यांच्या कामातून शिकण्यासारखी ही पहिली गोष्ट.

तंजावरच्या राणीच्या आश्रयातला ग्रंथ

गोडे यांनी उजेडात आणलेल्या ग्रंथांत आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा म्हणजे भोजनकुतूहल. तो रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी माणसाचा. नवहस्त हे संस्कृतात घातलेलं आडनाव, साधं आडनाव नवाथे. समर्थ रामदासांशी त्यांचा संबंध होता.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तिथं मराठ्यांचं राज्य सुरू झालं. त्यांच्या राणी दीपाबाई विद्येला आश्रय देणाऱ्या होत्या. रघुनाथ पंडित त्यांच्या आश्रयाला होते. हा धागा पकडून, इतर पुरावे जोडून, गोडे यांनी भोजनकुतूहल १६७५ ते १७०० च्या दरम्यान लिहिलं गेलं असं दाखवलं. १९४१ मध्ये त्यांनी या ग्रंथात कुठकुठले विषय आहेत याची तपशीलवार मांडणी छापली.

या ग्रंथात धान्यं आहेत, शिजवलेले पदार्थ आहेत, फळं, भाज्या, दूधदुभतं आहे. कशाचा गुण काय, कुणी काय खावं हे सांगितलंय. आपली जिलेबीही त्यात आहे. विचार करा. शिवशाहीच्या काळात मराठी माणसाच्या ताटात काय होतं याची एवढी मोठी नोंद आपल्याकडं होती, पण ती बासनात बांधलेली होती. कुणीतरी गाठ सोडून, वाचून, तारीख लावून सांगेपर्यंत ती असून नसल्यासारखीच.

मका, हरभरा, तंबाखू

आता शिवाराकडं वळू. मक्यावर गोडे यांचा एक मोठा लेख आहे. भारतातल्या मक्याचा १५०० ते १९०० पर्यंतचा इतिहास त्यात आहे. सुरुवात १५०० पासून का? कारण मका मूळचा अमेरिकेचा. कोलंबस १४९२ ला तिकडं पोचला, पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. पुढच्या काळात कर्नाटकातल्या जुन्या होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे, असा दावा काही जणांनी केला. बहुतेक अभ्यासकांना तो पटलेला नाही. दगडातलं कणीस हे मक्याचंच की दुसऱ्या कशाचं, हे नुसतं बघून सांगणं अवघड. म्हणूनच लिहिलेल्या कागदाचं मोल जास्त.

दुसरा विषय हरभरा, आणि तोही घोड्याचा खुराक म्हणून. साधारण ८०० सालापासून १९०० पर्यंत घोड्याला हरभरा चारल्याचे उल्लेख गोडे यांनी गोळा केले. आज वाचताना वाटेल, यात काय एवढं? पण जरा डोकं चालवा. मराठ्यांची ताकद घोड्यावर होती. घोड्याला चंदी लागायची. ती चंदी कुठल्या तरी शेतकऱ्याच्या रब्बीच्या रानातून यायची. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणकडच्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, ती संपली तर तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असा त्याचा मतलब. राज्य चालतं ते दाण्यावर, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. गोडे यांनी त्याच दाण्याचा हजार वर्षांचा हिशोब मांडला.

तिसरा विषय तंबाखू. हीसुद्धा अमेरिकेची. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाचा मोगल सरदार विजापूरला गेला होता. तिथून त्यानं तंबाखू नेऊन अकबर बादशहापुढं ठेवली. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला तंबाखूची ओळख आपल्या दख्खनमधून झाली. नंतर १६१७ मध्ये जहांगीरनं ती बंद करण्याचा हुकूम काढला. त्या हुकमाचं काय झालं ते आपल्या गावच्या पारावर बसलं की कळतंच. मराठी साहित्यात आणि जुन्या दप्तरांत तंबाखूचे उल्लेख कुठं कुठं येतात, ते गोडे यांनी वेचून काढले.

पुरंदर तालुक्यातले शेतकरी अंजीर घेतात. अंजिराच्या इतिहासावरही त्यांचा लेख आहे, १९४१ चा. विडा, मेंदी, रिठा आणि साबण, बैलगाडी, दारूकाम, घोड्याची रिकीब, चष्मा, असे कितीतरी विषय त्यांनी घेतले. नथीवरचा त्यांचा लेख गाजला. नाकातला हा दागिना फार जुना असं आपण धरून चालतो. पण इसवी सन १००० च्या आधीच्या संस्कृत ग्रंथांत आणि मूर्तींवर तो त्यांना आढळला नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

कामाचा डोंगर

गोडे यांचे लेख चारशेच्या वर आहेत. साहित्याच्या इतिहासावरचे लेख एकत्र करून १९५३ ते १९५६ च्या दरम्यान तीन खंड निघाले. खाणंपिणं, कपडे, वस्तू या विषयांवरच्या लेखांचे आणखी तीन खंड निघाले. त्यातला शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ साली आला. त्याशिवाय वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची वाढवलेली आवृत्ती त्यांनी चिं. ग. कर्वे यांच्याबरोबर तयार केली. तो कोश आजही संस्कृत शिकणारी पोरं वापरतात. सु. मं. कत्रे यांच्या जोडीनं त्यांनी संशोधनाचं एक मासिकही चालवलं, आणि त्यांचे कितीतरी लेख त्यात आले.

१९६० मध्ये देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्यांच्या गौरवासाठी एक ग्रंथ काढला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९६१ ला, त्यांचं निधन झालं. वय सत्तरीला टेकलं होतं.

त्यांच्यानंतर के. टी. अचया या आहारशास्त्रज्ञानं १९९४ साली भारतीय अन्नाचा इतिहास सांगणारं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात गोडे यांच्या संशोधनाचा आधार आहे. आज इंटरनेटवर जिलेबीचा इतिहास म्हणून जे काही फिरतं, त्यातल्या साल-तारखा बहुतेक गोडे यांच्या त्या १९४३ च्या लेखातूनच आलेल्या असतात. फिरवणाऱ्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

गोडे यांचं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे. जगाला कळावं म्हणून ते इंग्रजीत झालं, आणि त्यामुळंच ते आपल्या गावापर्यंत पोचलं नाही. त्यांनी कोकणातल्या, देशावरच्या, तंजावरच्या मराठी माणसाचं ताट शोधलं. पण त्या ताटावर बसणाऱ्याला ते वाचता आलं नाही. ही खंत आहे आणि ती अजून संपलेली नाही. त्यांचे निवडक लेख सोप्या मराठीत गावच्या वाचनालयात असायला हवेत.

आपल्यासाठी काय?

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून ज्वारी-बाजरीला पुन्हा मान आलाय. चांगली गोष्ट आहे. पण त्याचबरोबर फोनवर काय वाट्टेल ते यायला लागलंय. अमुक धान्य आपलंच, पाच हजार वर्षांपासून. तमुक पीक परक्यांचं, ते खाऊ नका. खरं बघायला गेलं तर ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेच्या, फार फार पूर्वी इकडं आलेल्या. भाकरीबरोबरची मिरची अमेरिकेची. ठेच्यातला शेंगदाणाही अमेरिकेचाच. मग ठेचा-भाकरी आपली नाही का? शंभर टक्के आपली. ज्यानं पेरलं, निवडलं, भाजलं, कुटलं, चव बसवली, त्याचं ते झालं. पीक कुठूनही येऊ दे, त्याला आपलं करतो तो शेतकरी आणि चुलीपुढची बाई. आपल्याच पिढीनं सोयाबीन कसं शिवारभर पसरलं ते बघितलंय. दोनशे वर्षांनी कुणी गोडे आले तर ते सोयाबीनचाही पहिला कागद शोधतील.

तो कागद तेव्हा सापडेल का, हा प्रश्न मात्र आपल्या हातातला आहे. गावात जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरचं, फडताळातलं सगळं आधी बाहेर येतं. मोडीतले कागद, सावकाराच्या वह्या, लग्नात किती पायली धान्य लागलं याची यादी, कुणाला किती बलुतं दिलं याची नोंद, देवळातल्या भंडाऱ्याचा हिशोब. बहुतेक वेळा हे किलोवर रद्दीत जातं, नाहीतर पाणी तापवायच्या बंबात जातं. देवाची पोथी असेल तर नदीत सोडतात. घरच्यांना वाटतं, यात आहे काय? लढाई नाही, राजा नाही. पण गोडे यांच्या हातात असा कागद पडला असता तर त्यांनी आधी साल बघितलं असतं आणि मग धान्याची नावं.

म्हणून एवढंच करा. असे कागद निघाले तर टाकण्याआधी उघडून बघा. मोडी वाचणारं माणूस जवळ असेल तर दाखवा. साल, गाव, धान्य, मापं दिसतात का ते विचारा. मोबाईल हातात आहेच. उजेडात धरून पानापानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि फोटोबरोबर कुठल्या घरातला कागद, कधी निघाला ते लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बायांना जुन्या वाणांची नावं विचारा, ज्वारीची, भाताची, वालाची, रानभाज्यांची. ऐकलेलं तसंच्या तसं, तारीख घालून वहीत उतरवा. तारीख घालायला विसरू नका. कारण तारखेशिवायची गोष्ट ही नुसती गोष्टच राहते.

देवरुखच्या एका माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले कागद जपले, म्हणून आज आपल्याला तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी ताटात काय होतं ते सांगता येतं. येत्या झेंडावंदनाला जिलेबी घेताना पोरांना हे नाव सांगा. परशुराम कृष्ण गोडे.